लेकीच्या गाडीचा क्लच

माझ्या थोरल्या साडूंच्या, म्हणजे अण्णांच्या घरात त्यांनी आजवर उघडून पाहिली नाही अशी एकही वस्तू नाही. मिक्सर, पंखा, पाण्याची मोटार, भिंतीवरचं घड्याळ हे तर झालंच. पण एकदा पावसाळ्यात मी त्यांच्याकडे चहाला बसलो असताना त्यांनी माझ्या हातातली छत्री मागून घेतली, ‘काडी जरा अडकतीया’ म्हणाले, आणि मी साताऱ्याला परतलो तो भिजत. छत्री पुढच्या महिन्यात मिळाली. ती अजून उत्तम उघडते, फक्त पूर्वीपेक्षा बरीच जड झाली आहे. इतरांनी दुरुस्ती केली की स्क्रू उरतात, अण्णांनी केली की दोन-चार वाढतात.

अण्णा माधवनगरच्या एका मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण अण्णांची पाळी काही अजून सुटलेली नाही. सकाळी सातला खाकी हाफ पँट चढवून ते पडवीत हजर होतात आणि घरात बिघडलेलं काही नसलं तर शेजारी चौकशी करून येतात. कामाची पद्धत ठरलेली. बाहेरच्या खोलीत जुनी चादर अंथरायची, जो भाग आधी निघेल तो दाराशी आणि शेवटी निघेल तो खिडकीशी, अशी रांग लावायची. ती रांग कुणी ओलांडायची नाही. त्यामुळे अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझ्या बायकोची थोरली बहीण, पाहुण्यांचा चहा घेऊन मागच्या दारानं निघतात आणि घराला वळसा घालून पुढच्या दारी येतात. तोवर चहा कोमट होतो. ‘चादर उचलली की गरम पिऊया,’ एवढंच त्या म्हणतात.

आणि रॉकेल! अण्णांची देवावर श्रद्धा आहे, पण ती रॉकेलच्या खालोखाल. हल्ली ते मिळत नाही, तरी कुठून तरी पैदा केलेला एक कॅन त्यांनी माळ्यावर जपून ठेवला आहे. बेअरिंग असो, कुलूप असो, चष्म्याची दांडी असो, पहिली आंघोळ रॉकेलची. ‘रॉकेलनं जे निगत न्हाई ते मळच नसतंय पावणं,’ असं त्यांनी मला कितीदा तरी समजावलं आहे. ‘ते कंपनीनंच दिल्यालं असतंय.’

अशा माणसाच्या ताब्यात त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं आपली मोटारसायकल ठेवली होती. लेक लष्करी इस्पितळात नर्स आहे, तिकडं उत्तरेला. स्वतःच्या पगारातून घेतलेली, परदेशी बनावटीची गाडी. जाताना तिनं बजावलं, ‘अण्णा, दर रविवारी धा मिनिटं चालू करायची. पाना लावायचा न्हाई.’ आणि मला फोन करून म्हणाली, ‘काका, पुढच्या सुट्टीत अण्णांना मागं बसवून साताऱ्याला येते.’ झालं! ज्या रस्त्यानं अण्णा शंभरदा एसटीनं आले होते, त्याची ते माझ्याकडे नव्यानं चौकशी करू लागले. चहाला कुठं थांबायचं, वारं कुठं लागतं, कानाला मफलर लागेल का.

सुट्टीला तीन आठवडे उरले आणि गाडीचा क्लच गेला. लिव्हर दाबली की सरळ मुठीला टेकायची, गिअर पडायचा नाही. मेकॅनिकनं खाली वाकून क्लचची तार शोधली, ती सापडेना, तेव्हा त्यानं हात जोडले. अण्णा मात्र खुलले. ‘हिला तारच नसतीया,’ त्यांनी मला फोनवर सांगितलं. ‘वर लिव्हरपाशी बारका पंप, खाली इंजनापाशी दुसरा, मदी नळी. नळीतलं तेल ढकलून क्लच सुटतोय. वरच्या पंपाची रबरं गेल्याती, दुसरं काय न्हाई.’ पाना लावायचा न्हाई, हे वाक्य त्या फोनमध्ये कुठंच आलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

नव्या रबरांचं पाकीट दोन आठवड्यांनी कुरियरनं आलं. लेक यायच्या दिवशी सकाळीच मला बोलावणं होतं. तेल भरल्यावर नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं लिव्हर दाबून धरायची, दुसऱ्यानं खालचा नट ढिला करून हवा सोडायची. ‘ती चारच्या गाडीनं येतीया, त्याच्या आत उरकू,’ अण्णा म्हणाले. नवी रबरं चढवलेला पिस्टन पंपात जरा कुरकुरत गेला. ‘नवं हाय, कडक जाणारच.’ मग मला हुकूम सुटला, ‘दाबा. धरा. आता सोडा.’ मी दाबली, धरली, सोडली. लिव्हर परत आलीच नाही.

‘अण्णा, मी काय केलं?’ मी घाबरून विचारलं. पंप पुन्हा उघडला. रबरं तळणीतल्या पुरीसारखी टम्म फुगून आत अडकली होती. पाकिटातला माहितीचा कागद अण्णांनी जुना पिस्टन गुंडाळायला घेतला होता. तो सोडवून मी मोठ्यानं वाचला. रबरं फक्त ब्रेक ऑइलनं धुवावीत, पेट्रोल किंवा रॉकेल लावू नये. अण्णांनी ती आदल्या दिवसापासून रॉकेलात भिजत घातली होती.

अण्णांनी कागद हातात घेऊन स्वतः एकदा वाचला. मग म्हणाले, ‘चारच दिसांची सुट्टी हाय तिची.’

‘उंदरानं कुरतडलं म्हणा,’ अक्कांनी सुचवलं. मी कुरियरवर ढकलायला तयार होतो. अण्णा नुसते मान हलवत राहिले.

लेक आली. पाठीवर बॅग तशीच ठेवून दारात उभी राहिली आणि तिनं चादरीवरची रांग दारापासून खिडकीपर्यंत पाहिली. अण्णा उठले. ‘पोरी, चुकलं माजं. रबरं रॉकेलात धुतली मी. न्हाई चालायची आता गाडी.’ तीस वर्षांच्या ओळखीत हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो, आणि ऐकवत नव्हते. लेकीनं दारातच बूट काढले, घराला वळसा घातला, मागच्या दारानं आत आली आणि त्यांच्याशेजारी मांडी घालून बसली.

‘दाखवा,’ म्हणाली.

चार दिवस ती दोघं त्या चादरीपाशी होती. एकेक भाग ब्रेक ऑइलनं धुतला, पुसला. साताऱ्याला कुणी आलं नाही. निघताना ती म्हणाली, ‘नवीन रबरं मागवा अण्णा. पुढच्या सुट्टीत लिव्हर मी दाबते, नट तुमी सोडा.’

ती सुट्टी आतापर्यंत दोनदा पुढं गेली आहे. परवाच्या रविवारी मी माधवनगरला गेलो होतो. अण्णांनी साबणानं दोनदा हात धुतले आणि कपाटातून रबरांचं नवं पाकीट काढून मला दाखवलं. त्याची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

‘मी आलोय की,’ मी म्हटलं, ‘दाबतो लिव्हर. उरकून टाकू.’

‘तुमचा हात चांगलाय पावणं,’ अण्णा म्हणाले. ‘पर ऱ्हाऊ द्या. यील ती.’

पाकीट त्यांनी परत कपाटात ठेवलं. मग बाहेर जाऊन गाडीवरचं कव्हर काढलं, न्यूट्रलमध्ये ती चालू केली, आणि दहा मिनिटं आम्ही दोघं तिच्याजवळ उभे राहिलो.