कोंबडीखालची बाटली

माझ्या वरणावरचा आळ एका कोंबडीनं उतरवला.

त्या कोंबडीची मालकीण, आमच्या शेजारची रत्नाबाई, काल दुपारी गेली.

गावात पाणी तपासायचं काम तिच्याकडे होतं. ग्रामपंचायतीनं आत औषध घातलेल्या छोट्या बाटल्या दिल्या होत्या. बाटलीत पाणी भरायचं, झाकण लावून ठेवायचं. पाण्यात शौचाचे जंतू असले तर एक-दोन दिवसांत ते काळं पडतं.

एका दत्तजयंतीला महाप्रसाद जेवून अर्धी आळी उलट्या-जुलाबांनी आडवी झाली. वरण माझ्या हातचं होतं.

मग काय, बोट माझ्याकडे.

तोंडावर कोणी बोललं नाही. पण हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्या घरचा चहा नुसता हातात धरून बसायच्या.

पुढची जयंती जवळ आली तेव्हा मीच रत्नाबाईला म्हटलं, मंदिराची विहीर तपास, पंगतीत प्यायला पाणी तिचंच होतं.

तिनं तपासली. बाटली दोन दिवस फळीवर होती. काळी झाली नाही.

मंदिराचं काम पाहणारे भाऊ म्हणाले, "पाहा, विहीर साफ आहे. मंग गडबड सैपाकातच होती."

मी घरी येऊन देवापुढे बसले आणि रडले.

रत्नाबाई मागोमाग आली. "काऊन रडून राह्यली वैनी? थंडी किती पडली! जंतूलेबी गोधडी लागते. गारठ्यात बाटली काळी होत नाई."

"मग आता?"

"माही कोंबडी बसली हाये नं अंड्यावर. तिच्यापरीस गरम जागा गावात हाये का?"

तिनं नव्या दोन बाटल्या घेतल्या. एकीत विहिरीचं पाणी, ओळखायला लाल दोरा. दुसरीत माझ्या घरचं, उकळून गार केलेलं. कोंबडीच्या चोची खात दोन्ही तिच्याखाली सरकवल्या.

मी अंड्याला हात लावत नाही. पण त्या संध्याकाळी मूठभर कणी त्या कोंबडीपुढे टाकली आणि हात जोडले.

दत्तगुरूंच्या जवळ गाय असते, कुत्री असतात. म्हटलं, एक कोंबडी चालली असती.

सकाळी लाल दोऱ्याची बाटली काळी ठिक्कर!

भाऊ ऐकेनात. "कोंबडीच्या बुडाखाली काईबी काळंच होईन, बाई!"

"मंग वैनीच्या घरची काऊन नाई झाली, भाऊ? तेबी तिच्याच बुडाखाली होती."

भाऊंनाच हसू फुटलं. महाप्रसादाचं सगळं पाणी उकळायला लाकडं त्यांनीच आणून टाकली.

पुढे विहिरीचं पाणी लॅबला पाठवलं, रिपोर्टही तोच आला. विहिरीजवळचा संडासाचा खड्डा बुजवला, ब्लीचिंग सुरू झालं. लॅबमध्ये बाटल्यांना ऊब द्यायला इन्क्युबेटर असतो म्हणे.

रत्नाबाई म्हणाली, "त्याले करंट लागते. माही कणीवर चालते, सस्ती पडते."

त्या जयंतीला वरणाचा डाव परत माझ्या हातात आला. रत्नाबाई मुद्दाम पहिल्या पंगतीत बसली, अगदी मधोमध, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा पुन्हा वरण मागत राहिली. एरवी चिमणीएवढं खाणारी बाई!

काल तिच्या घरी चूल पेटली नाही. रीतीप्रमाणे पहिलं जेवण शेजारून जातं. वरण-भात मी नेला.

आळीतली माणसंही तिथेच जेवली. कोणी ताटाकडे दोनदा पाहिलं नाही.

रत्नाबाई, तुझ्या माणसांना पोटभर वाढलं. तू निवांत जा.

दत्तगुरू तुला जवळ घेवोत.