इथे म्हातारं कोण होतं?

सतीश निवृत्त झाला की पुण्याला परतायचं, यात उर्मिलाला कधी शंकाच नव्हती. आखातातल्या बहुतेक मराठी घरांत हे न बोलता ठरलेलंच असतं. पण निवृत्ती तोंडावर आली आणि सतीशने चहा पिता पिता बाँब टाकला.

"तिकडचे रहिवासी झालो की सगळ्या व्याजावर टॅक्स. इथे शून्य! रिटायरमेंट व्हिसा पण मिळतोय. फुजैराला समुद्राजवळ टू-बेडरूम पस्तीस हजार दिरहम वर्षाला, म्हणजे साधारण साडेआठ लाख रुपये. इथेच राहूया की!"

सतीशच्या हिशेबात खोट सापडणं शक्य नव्हतं. उर्मिलाला मात्र भलताच प्रश्न पडला. इतकी वर्षं ती या देशात राहिली, पण इथे म्हातारपण काढणारी आपल्यातली एकही बाई तिने पाहिली नव्हती. साठी आली की माणसं कपाटं विकून, शाल-श्रीफळ घेऊन चालू पडत. मग इथे म्हातारं होतं तरी कोण?

प्रश्नाने तिचा पिच्छाच पुरवला. घराजवळ, अल रीम आयलंडवरच्या बागेत पांढऱ्या केसांची बाई दिसली रे दिसली की उर्मिला तिच्या शेजारी बाकावर टेकायची. "कधीपर्यंत आहात?" कोणी म्हणे मार्चपर्यंत, कोणी म्हणे नातू शाळेत जाईपर्यंत. सगळ्या व्हिजिटवर आलेल्या आया आणि सासवा.

"ममा, आर यू डुइंग अ सर्व्हे?" तिची मुलगी अनन्या हसायला लागली.

"हो. आणि अजून एकही सापडली नाही."

फुजैराला घर बघायला गेले तेव्हा एजंट फहदने बाल्कनीतून दूर नांगर टाकून उभी असलेली जहाजं दाखवली. सतीश हरखून गेला. उर्मिलाने ओट्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"भैया, इस बिल्डिंग में कोई बूढा रहता है?"

फहद गांगरला. घर बघायला येणारी माणसं पार्किंगचं विचारतात. "है ना मॅडम. नीचे तिसरे माले पे झुबेदा अम्मा. चालीस साल से इधर ही हैं."

तो पुढे काही बोलेपर्यंत उर्मिला लिफ्टमध्ये शिरलीसुद्धा.

झुबेदाआपा मूळच्या दापोलीकडच्या. नवरा बंदरावर नोकरीला होता, तो गेल्यावर मुला-सुनेसोबत राहत होत्या. दारात उर्मिलाच्या हिंदीतलं मराठी वळण ऐकून त्यांचा चेहरा उजळला. चहा झाला, नारळाच्या वड्या आल्या. उर्मिलाने प्रश्नांची सरबत्तीच लावली. दुपारी काय करता? आजारी पडलात तर? भांडायला कोण आहे? आपांनी सगळ्याची उत्तरं दिली. दुपारी झोप, आजाराला मुलगा, भांडायला सून. कंटाळा येतो, पण तो दापोलीतही आलाच असता म्हणाल्या. वर सतीश ताटकळतोय याचा उर्मिलाला पार विसर पडला. कित्येक महिन्यांत ती इतकी हसली नव्हती. निघताना तिने फोन काढला.

"आपा, तुमचा नंबर द्या ना."

झुबेदाआपा कप गोळा करू लागल्या. "नंबर कशाला? जाल तुम्ही पण."

"म्हणजे?"

"समोर सुहासिनी होती, ठाण्याची. मग एक केरळची टीचर. जीव लावावा तर यांचे बॉक्स बांधून तयार! एअरपोर्टवरून रडत फोन, मग ईदला एक मेसेज, मग खलास. आता साठीच्या बाईला मी चहा देते, नंबर नाही देत." त्या हसल्या खऱ्या, पण कप घेऊन आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

उर्मिलाने फोन परत पर्समध्ये टाकला. शेवटी सून आली आणि उर्मिला बाहेर पडताच तिने दार लावून घेतलं.

एव्हाना सतीश खाली येऊन गाडीत वैतागून बसला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "एवढ्या गप्पा मारल्या आणि साधा नंबर दिला नाही? कमाल आहे! म्हणजे या घराला तुझं नाहीच ना आता? चल, पुण्याचंच बघू."

"फहदला फोन लावा," उर्मिला म्हणाली. "घर घेतोय म्हणावं."

"अगं, पण टॅक्सचं सगळं अजून मी तुला नीट..."

"टॅक्सचं तुम्ही बघा हो. मी वर जाऊन येते." तिने गाडीचं दार उघडलं. "त्यांना सांगते, आम्ही जाणार नाही म्हणून."