एका शून्यावरची माझी सही

पुरुषोत्तम गेल्याची बातमी मला शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. रविवार असूनही ‘सर्व शाळांनी चाचणीची माहिती आज पाचपर्यंत भरावी’ असा संदेश आला होता, आणि त्याच्याच खाली पुरुषोत्तमचा पासपोर्ट फोटो आणि जोडलेल्या हातांची रांग. सकाळी मूल या त्याच्या गावी, घरीच, अंगणात दात घासता घासता खाली बसला तो बसलाच, असं मागून समजलं. वय एकोणपन्नास. मी काय केलं? मीही ‘विनम्र श्रद्धांजली’ टाइप केलं, दोन हात जोडले आणि माहिती कोणत्या शाळेने भरली नाही ते पाहू लागलो. केंद्रप्रमुख आहे ना मी... शाळाशाळांतून माहिती गोळा करून वर पाठवणं हेच माझं काम. आता सहा आठवडे झाले. मित्र गेल्यावर त्याच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी लिहिणं सोपं असतं. मला मात्र माझ्याबद्दलच एक वाईट गोष्ट लिहायची आहे, म्हणून इतके दिवस टाळत होतो.

डी.एड.ला चंद्रपुरात आम्ही एका खोलीत राहत होतो. तो मूलचा, तीन वेळा भात खाणारा. मी वरोऱ्याचा, भाकरीवाला. मी त्याला ‘भातखाऊ’ म्हणायचो, तर तो म्हणायचा, “तुह्या भाकरीनं दात मजबूत होत असतीन, डोकं नाई.” नोकरी लागली तीही एकत्रच, भामरागडकडे, शेजारशेजारच्या गावांत. माडिया आदिवासींची पोरं, आणि आम्हाला त्यांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन वर्षांत मोडकीतोडकी माडिया मला यायला लागली, तोवर मी याच्यात्याच्या ओळखी काढून वडसा तालुक्यात बदली करून घेतली. तो तिथेच राहिला. “पावसाळ्यात रस्ता बंद झाला का साहेब येत नाई, मंग शिकवाले मोकळीक भेटते,” असं हसत सांगायचा. मला ती तेव्हा थट्टा वाटायची.

त्याच्या शिकवण्याची एक रीत होती, आणि पुढचं सगळं तिच्यापायीच घडलं, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एक साहेब शाळेत आले. पोरांनी मराठीचं पुस्तक धडाधड वाचून दाखवलं. साहेब खूश होऊन शेरा लिहून गेले. ते गेल्यावर पुरुषोत्तमने सहज एका पोराला विचारलं, आत्ता वाचलंस त्यातलं ‘घर’ म्हणजे काय? पोराने पुन्हा ‘घर’ असं मोठ्याने वाचून दाखवलं. बाकीच्यांनीही तेच केलं. अक्षरं ओळखत होती, आवाज काढत होती, आत काहीच जात नव्हतं. त्या दिवसापासून त्याने पुठ्ठ्याच्या पट्ट्या केल्या. पट्टीवर मराठी शब्द लिहिलेला. तो शब्द पोरांनी पाहायचा, मनात वाचायचा आणि तोंडाने सांगायचं ते माडियात. ‘घर’ दाखवलं की ‘लोन’. ‘गाव’ दाखवलं की ‘नार’. समजलं हे पक्कं झालं की मग मराठीत मोठ्याने वाचायचं. पोरांना तो खेळच वाटे. कोणी पाहुणा आला आणि त्याने पट्टी उचलली, तरी पोरं तोच खेळ खेळायची.

देशभर तिसरीच्या मुलाला काय यायला हवं, हे एकच ठरवायचं आणि एकाच पद्धतीने तपासायचं, ही चर्चा पुढे जोरात सुरू झाली. आमचे यावर खूप वाद झाले. मी म्हणायचो, मापदंड एकच हवा. जंगलातल्या पोराला सोपा पेपर देणं म्हणजे त्याला आधीच कमी लेखणं. मला वाटलं होतं, तो चिडेल. तो म्हणाला, “बराबर आहे तुहं. मोजू नका असं मी कधी म्हटलं? मोजलं नाई तं आमचे पोट्टे वाचतेत का नाई, हे विचाराले बी कोणी येनार नाई. फक्त मोजनाऱ्याले आपण काय मोजून राह्यलो, येवढं समजलं पाह्यजे.” यावर मी बहुधा विषय बदलला.

मग त्या राष्ट्रीय चाचणीच्या धर्तीवर आमच्याकडेही चाचणी ठरली. एका तालुक्यातले शिक्षक दुसऱ्या तालुक्यात तपासायला. भेट होईल म्हणून मी मुद्दाम त्याची शाळा मागून घेतली. दोन दिवसांच्या प्रशिक्षणात आम्हाला एकच गोष्ट घोकून दिली होती: छापलेला शब्द जसाच्या तसा ऐकू आला तर बरोबर, नाहीतर चूक, स्वतःची अक्कल चालवू नका. पुरुषोत्तमने काळा चहा पाजला आणि नियमाप्रमाणे वर्गाबाहेर, हातपंपापाशी जाऊन उभा राहिला. पहिलीच मुलगी मैनी, तिसरीतली. मी कार्ड पुढे धरलं. एका मिनिटात दहा शब्द. पहिला शब्द ‘पाणी’. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “एर.” पुढे ‘घर’. “लोन.” एकही शब्द अडला नाही. मिनिट संपायच्या आत दहाच्या दहा. एर म्हणजे पाणी हे मला ठाऊक होतं. वाचल्याशिवाय हे सांगता येत नाही, हेही मला ठाऊक होतं. आणि मी दहा फुल्या मारल्या. त्या दिवशी बारा पोरांनी तसंच वाचलं आणि बाराही पोरांना मी शून्य दिलं. कागदाच्या तळाशी शेऱ्याचा रकाना होता. तिथे दोन ओळी लिहिल्या असत्या तर कोणी मला फासावर दिलं नसतं. पण शेरा असलेले कागद फेरतपासणीला जात, प्रश्न विचारले जात, आणि केंद्रप्रमुखाच्या यादीत माझं नाव तेव्हा विचारात होतं. रकाना कोरा ठेवून मी सही केली. बाहेर आलो तर त्याने विचारलं, “कसे वाचले पोट्टे?” मी म्हणालो, “चांगले वाचले.” आणि गाडीला किक मारली.

निकाल लागला, तेव्हा त्याची शाळा तालुक्यात शेवटची होती. खुलासा मागवला गेला. त्याचा फोन आला. “तू होता ना आतमदी. तू सांग ना त्याईले, पोरं वाचत होते म्हनून.” मी म्हणालो, “अरे, मी शेऱ्यात लिहिलं होतं सगळं. वरच्यांनी वाचलंच नसेल.” तो म्हणाला, “बरं. असू दे.” त्याला शाळेवरून काढून पंचायत समितीच्या कार्यालयात बसवलं, संगणकावर इतर शाळांचे आकडे भरायला. नव्या शिक्षकाने वर्गात फक्त मराठीच बोलायची असा नियम केला. मी केंद्रप्रमुख झालो. माझ्या सत्काराला तो भामरागडहून एसटीने आला होता, आणि माझ्या गळ्यात हारही त्यानेच घातला.

त्यानंतरची वर्षं मला सगळ्यात जड जातात. कामानिमित्त वडशाला आला की तो चहाला घरी यायचा, माझ्या बायकोशी गप्पा मारायचा, मुलांची चौकशी करायचा. त्या चाचणीचं नाव त्याने कधी काढलं नाही. मला वाटायचं, शेऱ्याचा रकाना मी कोरा ठेवला हे बिचाऱ्याला ठाऊक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प. एकदाच म्हणाला, “दिवसभर पोट्ट्याइचा आवाज नाई कानात, तं कान दुखते बे.” मी त्याला कानाच्या डॉक्टरचं नाव सुचवलं. इतका कोडगा झालो होतो मी.

तेरवीला मूलला गेलो. बाहेरच्या खोलीत त्याच्या खुर्चीवर एक माडिया गृहस्थ अवघडून बसले होते. पुरुषोत्तमच्या पत्नीने, कुंदावहिनींनीच त्यांना तिथे बसवलं होतं. शेजारी आश्रमशाळेच्या गणवेशात एक उंच मुलगी. भामरागडहून दोन गाड्या बदलून आले होते दोघं. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं.

“सर, तुमी आमच्या शाळेत आले होते ना? मी मैनी. मले वाचाले लावलं होतं तुमी.”

मी म्हणालो, “तुले अजून आठवते?”

“हो! मी एर म्हटलं, तं तुमी हो म्हनल्यासारखी अशी मान हलवली. लोन म्हटलं, पुन्हा हलवली. सगळ्या शब्दाले हलवली.” तिने मान हलवून दाखवली आणि हसली. “मी पळत गुरुजीपाशी गेली. म्हटलं, पाहुण्या सरले आपली भाषा समजते. गुरुजी लई खूश झाले होते.”

मी मान हलवल्याचं मला आठवत नव्हतं. हात फुल्या मारत होता आणि मान पोरीला शाबासकी देत होती. म्हणजे मला सगळं समजत होतं, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हातपंपापाशी त्याने मला विचारलं त्याच्या आधी, मी त्याला फोनवर खोटं सांगितलं त्याच्या कितीतरी आधी. आणि शेरा असता तर कागद फेरतपासणीला गेले असते, हे तर कार्यालयात बसून आकडे भरणाऱ्याला कळलंच असणार. मला न कळून फुल्या पडल्या नव्हत्या, सगळं कळून पडल्या होत्या, हे माहीत असताना तो माझ्याकडे चहाला येत राहिला. वहिनींनाही त्याने काही सांगितलं नसावं, कारण त्या मला आग्रहाने जेवायला वाढत होत्या. शिव्या दिल्या असत्या, नातं तोडलं असतं, तर मला निदान उलटून बोलता आलं असतं.

मैनीचे वडील तिला माडियात काहीतरी म्हणाले. तिने माझ्याकडे वळून विचारलं, “बाबा विचारून राह्यले सर, मी तवा बराबर वाचलं होतं ना?”

वहिनी हातातलं पातेलं घेऊन दारात थांबल्या. त्या खोलीत मी तोंड उघडून ‘तू बरोबर वाचलंस, तरी शून्य मीच दिलं’ एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं. मी पुन्हा तशीच नुसती मान हलवली.