जुबेदाबाईंची नाशपाती आणि तिचा उपास

आखातात, मोहम्मद बिन झायद सिटीतल्या लेकीच्या घरातून शनिवारी सकाळी निघालो, तेव्हा माझ्या खिशात भिंग होतं आणि अंगात लग्नघरचा उत्साह.

"बाबा, त्यांचं झाड आजारी आहे. जरा तोंड पाडा," गाडी काढता काढता मुग्धा म्हणाली.

कसं पाडू? मी उभी हयात कृषी महाविद्यालयात झाडांचे रोग शिकवले. त्यात फायर ब्लाइट दरवर्षी शिकवला. सफरचंद-नाशपातीच्या फांद्या जाळल्यासारख्या काळ्या करणारा हा जिवाणूंचा रोग. पण प्रत्यक्षात? एकदाही पाहिला नाही! आमच्या खानदेशात केळी. बाकी सगळं स्लाइडवर. आणि आता मुग्धाच्या ऑफिसला फरश्या पुरवणाऱ्या हमीदभाईंनी तिला एक फोटो पाठवला होता. फांदीचा शेंडा काळाठिक्कर आणि छत्रीच्या मुठीसारखा वाकलेला. तो बघून मी चहा सांडला होता.

शारजाला गाड्यांची रांग लागली. सुट्टीच्या दिवशीसुद्धा! मुग्धा "यल्ला, यल्ला" (चला, चला) करत स्टिअरिंगवर बोटं आपटत होती, आणि मी तिला रोगाची लक्षणं सांगत होतो. दुसऱ्यांदा सांगायला लागलो तशी तिनं रेडिओ लावला. पुढं रास अल खैमाचे सिमेंटचे कारखाने मागं पडले आणि डोंगर सुरू झाले. तपकिरी, उघडेबोडके, औषधालाही गवत नाही. त्यात वर चढत गेलं की एका गार घळीत हमीदभाईंनी चालवायला घेतलेला मजरा (शेतमळा) आहे.

हमीदभाई मूळचे राजापूरचे. "या, या, प्रोफेसरसाहेब!" म्हणत त्यांनी मला थेट झाडांकडं वळवलं, तोच पत्नी जुबेदाबाई आडव्या आल्या.

"आधी खाणं. उपाशी माणूस झाडाकडं बघून काय सांगणार?"

तांदळाची भाकरी, सुरमईचं कालवण, वर सांदणं (तांदळाची वाफवलेली गोड वडी). पोट भरलं म्हटलं की त्या "हो हो" म्हणत आणखी वाढायच्या. मला उठवायला शेवटी मुग्धाला हात द्यावा लागला.

बागेत पाच नाशपाती होत्या. पहिल्या चार झाडांची पानं कडेनं करपलेली. मी भिंग लावलं, फांद्या चाचपल्या, आणि हिरमुसलो.

"छे! हा रोगच नव्हे. गरम वारा लागलाय. बघा, वाऱ्याच्या बाजूचीच पानं भाजलीत. शेंडे सरळ आहेत, चिकट थेंब नाही, काही नाही."

"अल्हम्दुलिल्लाह!" हमीदभाई म्हणाले.

मी मात्र सुतकी चेहऱ्यानं उभा. मुग्धानं मला चिमटा काढला.

पाचवं झाड जुबेदाबाईंचं. दोन्ही मुलं कॅनडाला गेली त्या वर्षी लावलेलं, आणि यंदा पहिल्यांदा फुललेलं. नेमका फुलांवर पाऊस झाला होता. मी जवळ गेलो. शेंडे वाकलेले. पानं काळी, पण फांदीला धरून. आणि सालीवर, अगदी स्लाइडवरच्यासारखा, मधाच्या रंगाचा चिकट थेंब!

"सापडला!" मी ओरडलो. हो, चक्क ओरडलो, हात वर करून.

जुबेदाबाईंचा चेहरा उजळला. "सापडलं? औषध सापडलं, भाऊ?"

माझे हात तिथंच खाली आले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मी डॉक्टरकी सुरू केली. झाडाला काय घालता?

"सुरमईची डोकी, कोळंबीची सालं, मासे धुतलेलं पाणी. गावाला आमचे माड यावरच वाढले की! आणि संध्याकाळी पाइपनं डोक्यावरून आंघोळ. गरमी किती!"

कपाळावर हात मारावा की हसावं? झाड लाडानं कोवळं लुसलुशीत झालं होतं, आणि या रोगाला कोवळं फार आवडतं. वरच्या आंघोळीनं तो फांदीफांदीला पोचलेला. मी सांगितलं, काळ्या भागाच्या हातभर खाली कापायचं. कात्री दर वेळी पुसायची. कापलेलं जाळायचं, इकडंतिकडं न्यायचं नाही. एक तुकडा पिशवीत बंद करून शेतीखात्याला कळवायचं, नक्की काय ते त्यांची लॅब सांगेल. पाणी फक्त बुंध्याला. आणि खत बंद.

"बंद म्हणजे कमी?"

"म्हणजे काहीच नाही."

"उपाशी ठेवू?" त्यांचा आवाज चढला. "माझ्या दारात?"

"मला डायबिटीस निघाला तेव्हा डॉक्टरला हिनं हेच विचारलं होतं," हमीदभाई हळूच म्हणाले. "डॉक्टरच घाबरला."

हमीदभाईंच्या गाडीत कोरोनापासून पडलेली सॅनिटायझरची बाटली निघाली. कात्री मात्र जुबेदाबाईंनी कुणाला दिली नाही. दर काप बिस्मिल्ला म्हणून. मग मी पातं पुसायचो, मग पुढचा. अर्ध्याहून जास्त झाड गेलं. त्या रडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "वाचेल ना?" मी म्हणालो, "सांगता येत नाही." त्या म्हणाल्या, "इन्शाल्ला म्हणा की, भाऊ." मी म्हणालो.

परतताना मुग्धानं विचारलं, "काय बाबा, झाली इच्छा पुरी?"

"झाली. पण फार वाईट वाटतंय गं."

धुळ्याला घरी आलो, जुन्या स्लाइडा काढून बसलो. उपायांत मी लिहिलं होतं, 'खत तूर्त बंद ठेवावे.' चार शब्द. ते कुणाला पाळावे लागतात, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

परवा जुबेदाबाईंचा आवाज व्हॉट्सॲपवर आला. लॅबनं तोच रोग सांगितला होता.

"भाऊ, खाली खोडाला दोन पानं आलीत. हिरवी आहेत. काही घालत नाही हो मी, शप्पथ. माशाचं पाणीसुद्धा नाही. संध्याकाळी नुसती जाऊन बाजूला बसते. तेवढं चालेल ना?"