सांध्याचं तोंड कुणी फिरवलं

आमच्या चारा सोसायटीच्या चेअरमननं छावणीतल्या शेतकऱ्यांना फसवलं, आणि ते काम त्यानं माझ्या हातून करून घेतलं. हे आधीच सांगून टाकतो.

साल बहात्तरच्या दुष्काळाचं. मी कडब्याचा व्यापारी. नेकनूरच्या बाजारात डोक्यावर पेंढ्या वाहून विकण्यापासून सुरुवात केली आणि पुढं जिल्ह्याच्या ज्या टोकाला रूळ होते, तिथं दुकान टाकलं. बीडकडच्या माणसाला तेव्हा रेल्वे बघायची तर आमच्याकडं यावं लागे. त्या साली विकायला कडबाच उरला नाही. स्टेशनामागच्या माळावर जनावरांची छावणी पडली. पार उमापूरकडून माणसं बैल हाकत आली होती. त्यांनीच सोसायटी काढली. दूरच्या जंगलातलं गवत गाठी बांधून रेल्वेनं आणायचं ठरलं. घासाघीस करण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून मला संचालक केलं.

अडचण एकच होती. मालधक्का गावाच्या दुसऱ्या अंगाला. तिथून गाठी छावणीत आणायच्या तर गाड्यांना बैल जुंपावे लागणार, आणि बैलांना तर उभं राहणंही जड झालं होतं. म्हणून छावणीच्या कडेलाच साईडिंग, म्हणजे मेन लाइनीतून फुटून पुढं बंद होणारा रूळ, टाकून घ्यायचं ठरलं. जुने रूळ आणि स्लीपर मी असे भांडून मिळवले की देणारा साहेब शेवटी हात जोडून उठला.

मग रेल्वेचा इंजिनियर नकाशा घेऊन आला. तरणा पोरगा, बोलायला हळू. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जाते ती जागा. गवताची गाडी येणार होती पूर्वेकडून, आणि ह्यानं सांधा दाखवला होता पश्चिमेच्या टोकाला. म्हणजे येणाऱ्या गाडीकडं साईडिंगची पाठ! माझं डोकंच फिरलं.

"साहेब, पाव्हणा ज्या वाटेनं येतो तिकडं दार ठेवत्यात का परसाकडं?" मी म्हणालो.

"तसं नाही हो, इंजिन पुढं असतं, त्यामुळं..."

"इंजिन पुढं असतंय ते मला बी दिसतंय. मला शिकवू नका. सांधा पूर्वेला घ्या."

चेअरमन शेजारी सुपारी कातरत बसले होते. हसून म्हणाले, "आमचा गडी लई पक्का हाय, साहेब. त्यो म्हणतो तसं करा."

पोरगा त्यांच्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "लेखी द्या." त्याच संध्याकाळी ठराव झाला. सूचक म्हणून माझं नाव. मी झोकात सही ठोकली.

पहिली गाडी आली तेव्हा सगळी छावणी रुळाकडं धावली. बायांनी सांध्याला हळदकुंकू लावलं. कुणीतरी नारळ फोडला. उमापूरचा एक म्हातारा आपल्या दोन्ही बैलांना घेऊन आला होता. त्यांना वास तरी लागू दे, म्हणत होता. आणि खरंच, बैलांनी माना वर केल्या.

गाडी सांध्याच्या अलीकडं थांबली. ड्रायव्हरनं बाहेर डोकं काढलं, साईडिंगकडं बघितलं आणि हसायला लागला. मी सांधेवाल्याला ओरडलो, "ओढ की बे खटका! का उभा राहिलास?"

सांधेवाला जुना माणूस, निजामाच्या अमलापासून नोकरीला. तो म्हणाला, "शेठ, खटका वढून काय करू? इंजिन म्होरं हाय. आत शिरलं तर म्होरं मातीचा बांध, मागं गवतानं भरल्या वाघिणी. निघंल कुठून?"

"मग?"

"मग काय? गाडीनं सांधा वलांडून म्होरं जायचं, थांबायचं, आन् मागं रेटत वाघिणी आत सोडून निघून जायचं. त्यासाठी सांध्याची पाठ पाहिजे गाडीकडं. तुमी त्वांड केलंय. मालधक्क्याचा सांधा बघा, कोळशाचा बघा. निजामानं पैली लाइन टाकली तवापासून ह्या स्टेशनात मालाचा एक बी सांधा येणाऱ्या गाडीकडं त्वांड करून न्हाई."

ते सगळे सांधे मी वर्षानुवर्षं रोज ओलांडत होतो. त्यांना ठेचकाळलो होतो, शिव्या दिल्या होत्या. पण कुठला कुठं बघतोय, हे एकदाही बघितलं नव्हतं. माणसं काहीतरी विचारत होती.

मी स्टेशन मास्तरांकडं पळालो. "इंजिन सोडून मागं न्या, मागून रेटा."

"त्याला बाजूची लाइन मोकळी लागते. तिच्यावर पॅसेंजर उभी आहे, तिच्यामागं दुसरी येतीय."

"मग इंजिन काढा. आमी हातानं ढकलतो. शंभर माणूस हाय."

"मेन लाइनवर वाघीण हातानं? माझी नोकरी घालवता का?" मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांनीच वाट सुचवली. "मालधक्क्यावर उतरवून घ्या. दुसरा इलाज नाही."

गाडी शिटी देऊन छावणीसमोरून निघून गेली. म्हाताऱ्याच्या बैलांनी तिच्या बाजूला माना वळवल्या. म्हाताऱ्यानं मला विचारलं, "मालक, पुना येनार हाय का ती?" मी मालधक्क्याकडं धावलो.

मालधक्क्यावर पोचलो तर तिथं माणसं आधीच तयार उभी होती. धक्क्याला लागून चेअरमनच्या साडूचं गोदाम. वाघिणीच्या उंचीला येईल असा नवा दगडी ओटा त्यानं नुकताच बांधला होता. गाठी वाघिणीतून सरळ ओट्यावर आणि ओट्यावरून आत चालल्या होत्या. "ठेवायला जागा दिली, उपकार माना," साडू म्हणाला. छावणीत पोचल्या त्या थोड्या. बाकीचं गवत गोदामातून चढ्या भावानं बाहेरच्या बाजारात निघालं. पुढच्या गाड्यांचंही तेच झालं. म्हाताऱ्याचा एक बैल त्या आठवड्यात बसला तो उठला नाही. दुसरा त्यानं खाटकाला दिला आणि रिकामी दावी खांद्यावर टाकून उमापूरला चालत गेला.

सांधा फिरवून घेता येईल का, हे विचारायला मी पुन्हा मास्तरांकडं गेलो. त्यांनी साईडिंगची फाइल माझ्यापुढं ठेवली. काम सुरू होण्याआधी त्या तरण्या इंजिनियरनं चेअरमनला पत्र लिहिलं होतं. पूर्वेचा सांधा निरुपयोगी ठरेल, आपल्या संचालकांना समजावून सांगावं, जुना नकाशा कायम करावा, असं साफ लिहिलेलं. खाली चेअरमनचं उत्तर होतं: संचालकांचा आग्रह आहे, बदल करू नये.

मी ते पत्र उभ्यानं वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं. हा चेअरमन माझ्या ओसरीवर येऊन चहा पीत होता. काम चालू असताना रोज माझ्याबरोबर रुळावरून फिरत होता. "तुमच्यामुळं झालं बरं का हे," म्हणत होता.

वार्षिक सभेत मी उठून आधी माझी चूक कबूल केली आणि मग पत्राचं विचारलं. चेअरमननं शांतपणे ठरावाचं बुक उघडलं आणि सूचकाचं नाव वाचून दाखवलं. सभा हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "पाव्हण्यासाठी दार म्हनं!" मी खुर्ची उचलली, चौघांनी मला धरलं, आणि सभा तिथंच संपली. तेवढंच गावाच्या लक्षात राहिलं. पत्राचा विषय राहून गेला.

आडमुठेपणा माझा होता. मला कळत नव्हतं आणि कळतं त्याचं मी ऐकलं नाही. हे मी त्या सभेत कबूल केलं, आज लिहूनही देतो. पण चेअरमनला कळत होतं. त्यांच्या हातात कागद होता. आज ते थकलेत, पण बोलतात, सत्काराला जातात. मग त्यांनी बोलावं. चेअरमन, ते पत्र आलं त्या दिवशी तुम्ही मला का दाखवलं नाही? मला नाही सांगितलं तरी चालेल. उमापूरला जा, त्या म्हाताऱ्याच्या घरचं कुणी असेल, त्याच्यासमोर उभे राहा आणि त्याला सांगा.