बाकीची पंधरा वर्षं

हैदराबादेत कोठीला पुस्तकांच्या दुकानांच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, फौजेच्या भरतीची तयारी करून घेणारा एक क्लास आहे. तो चालवतो तो माणूस माझ्या नवऱ्याच्या पलटणीतला. सगळे त्याला सर म्हणतात, मीही म्हणायची. भर सभेत त्या माणसाचा चेहरा पडलेला मला बघायचा होता. न्यायबिय काही नको होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार भली बाई वाटायला नको.

मी बोलणारी नाही. गौलीगुड्यात माहेरी मला मुकीच म्हणत. पाहुणे आले की चहा ठेवून आत निघून जायची. पण कमी बोलणाऱ्या बाईवर लोक पटकन विश्वास ठेवतात, हे माझ्या माहेरच्यांना कळलं नव्हतं ते त्या माणसानं ओळखलं.

भरतीच्या धंद्यात पोरं अडत नाहीत. पोरं तर पहाटेच बूट बांधून मैदानावर हजर असतात. बापही फारसे अडत नाहीत. अडतात त्या आया. त्या रडतात, जेवण सोडतात, शपथ घालतात, आणि मग वर्षभर धावलेला पोरगा ऐन वेळी घरी बसतो. म्हणून सर मधूनमधून रविवारी आयांना बोलवायचे. समोशे, चहा, आणि मी.

पहिल्यांदा ते आमच्या चिक्कडपल्लीच्या घरी आले तेव्हा म्हणाले, "वहिनी, खोटं एक अक्षर बोलायचं नाही बरं का. आपण फौजी लोक. तुमची छावणीतली ती दोन वर्षं आहेत ना, तेवढीच सांगायची."

माझ्या नवऱ्यानं सतरा वर्षं नोकरी केली. त्यातली दोन वर्षं आम्हांला छावणीत क्वार्टर मिळालं होतं. दारात पेरूचं झाड. कँटीनमध्ये तेल-साबण स्वस्त. लेकीला ताप आला तर दवाखाना चालत जाण्याइतका जवळ. नवरा दुपारी घरी जेवायला. संध्याकाळी साहेबांच्या मिसेस आम्हांला केक करायला शिकवायच्या. हे सगळं मी सांगायची, तेलुगूत आणि आपल्या हैदराबादी हिंदीत, आणि यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. बाकीची पंधरा वर्षं मी सांगायची नाही. कुणी विचारायचंही नाही. सर मागच्या रांगेत उभे राहून मान डोलवायचे.

मी हे का केलं? त्यांनी जबरदस्ती केली असं म्हणायला मला फार आवडेल. पण मला ते गोड लागायचं. पन्नास बायका माझ्याकडे बघतायत, मी पेरूच्या झाडाबद्दल सांगतेय. सांगून सांगून ती दोन वर्षं इतकी लांबली की घरी आल्यावर मलाच वाटायचं, आपलं आयुष्य तसंच गेलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक तेलुगू कुटुंब राहतं. नवऱ्याचं झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. दोन मुलगे. थोरला सरांच्या क्लासला जायचा. त्याची आई मला अक्का म्हणते. ती एका रविवारी आली, पहिल्या रांगेत बसली आणि सगळं ऐकून झाल्यावर तिनं एकच विचारलं.

"अक्का, घरात काही झालं तर पोरगा येतो ना?"

मी सरांकडे बघितलं. त्यांनी होकाराची मान हलवली. मी म्हटलं, "येतो की. सुट्टी मिळते."

हेही खोटं नव्हतं. थोरला भरती झाला. गेल्या हिवाळ्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिचा नवरा दुकानात बसल्या जागी गेला, तेव्हा थोरल्याची सुट्टी त्याच दिवशी मंजूर झाली. पण तो होता बर्फात, फार वर, आणि खाली उतरायचा रस्ता बंद झाला होता. त्यात कुणाची चूक नव्हती. कुणी त्याला अडवलं नाही. तो आला तेव्हा सगळं उरकलं होतं. अग्नी धाकट्यानं दिला होता, काकाचं मोठं धोतर कमरेला दोनदा गुंडाळून. थोरला आला आणि जिन्यातच बसला. आई बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली. मी वरून बघत होते. खाली उतरायची माझी हिंमत झाली नाही.

ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. डाळ केली की वाटीभर वर पाठवायची, पहिल्यासारखीच. मी ती खायची.

एकदा जेवताना मी हे नवऱ्यापाशी काढलं. तो आता एका ऑफिसच्या गेटवर सुपरवायझर आहे, फौजेबद्दल वाकडं ऐकून घेत नाही. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे. तो म्हणाला, "आम्हांला पहिल्या दिवशीच सुभेदारसाहेबांनी सांगितलं होतं. घर गेटच्या बाहेर ठेवा आणि मगच आत या. ज्याला जमत नाही त्यानं आत्ताच गाडी पकडावी. मला कुणी फसवलं नाही. तू त्या बायांना हे का नाही सांगितलंस?"

मी त्याच्या ताटात भात वाढला.

मग यंदा उन्हाळ्यात कळलं की धाकट्यानंही त्याच क्लासला नाव घातलंय. आणि चार दिवसांत सरांचा फोन.

"वहिनी, रविवारी मेळावा आहे. तुमची ती शेजारीण जरा ढिली पडलीय. पोरगा चांगला पळतो हो. तुम्ही तिला समजवा. एका घरातले दोन भाऊ फौजेत म्हणजे केवढी शान, असं काहीतरी बोला. तुमचं ऐकते ती."

फोन कानाला धरून मी उभी होते आणि मला आतून गरम गरम काहीतरी वर आल्यासारखं झालं. ते दुःख नव्हतं. मी अगदी मऊ आवाजात म्हटलं, "येते की भाऊजी."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना भाऊजी म्हटलं. ते खूश झाले.

रात्रभर मला एकच गोष्ट सुचत राहिली. या माणसाला बायको आहे. फौजीची बायको म्हणून तिनंही तेच दिवस काढलेत, माझ्याहून जास्त. मग तो मला का बोलावतो? तिला का नाही?

दुसऱ्या दिवशी मी बस धरून उप्पलला त्यांच्या घरी गेले. ती अंगणात लोणच्यासाठी कैऱ्या फोडत बसली होती. नांदेडकडची बाई, पण आवकाय घालते ती इथल्या बायांना लाजवेल अशी. मी तिला सगळं सांगितलं, खालच्या मजल्यावरचंही. ती फोडत राहिली. अडकित्ता खाटखाट चालत होता.

"मला त्यांनी इतक्या वर्षांत एकदा तरी का नाही बोलावलं, ठाऊक आहे ना तुम्हांला?" ती म्हणाली.

"म्हणूनच आले."

"तुमच्यासारखं गोड मला बोलता येत नाही बाई."

ते मला लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती. मी म्हटलं, "हौ. गोड नकोच आहे."

तिनं हात पदराला पुसले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "त्यांचं तोंड बघायचंय तुम्हांला."

"हो."

"मलाही," ती म्हणाली, आणि हसायलाच लागली. "कोणती साडी नेसू?"

रविवारी आम्ही दोघी जिना चढून वर गेलो तेव्हा हॉल भरला होता. बायका पंख्याखाली खुर्च्या ओढत होत्या. माझी शेजारीण दुसऱ्या रांगेत, धाकटा मागे पोरांच्यात. सर माईक तपासत होते. हॅलो, हॅलो म्हणता म्हणता त्यांना बायको दिसली.

"अगं, तू? इकडे कशी?"

"वहिनींनी बोलावलं," ती म्हणाली आणि पहिल्या रांगेत पर्स मांडीवर घेऊन बसली.

ते माझ्याजवळ आले. "वहिनी, हे काय?"

"घरचं माणूस आहे भाऊजी. परेशान कशाला होता?"

मी माईक घेतला. म्हटलं, आजवर मी तुम्हांला माझी दोन वर्षं सांगितली. ती खरी आहेत. बाकीची पंधरा मी याच गावात भाड्याच्या खोलीत काढली, आजारी सासू आणि एक लेक सांभाळत. त्या पंधरा वर्षांत नवरा घरी असला की मला पाहुणा आल्यासारखं व्हायचं आणि गेला की पाप वाटायचं, की बरं झालं, आता घर आपलं आपल्याला. लेकीच्या दहावीला, सासूच्या ऑपरेशनला, घरमालकानं सामान बाहेर काढलं तेव्हा, तो नव्हता. सुट्टी असते. ती कधी, ते तुम्ही ठरवत नाही, तोही ठरवत नाही. हे मी तुम्हांला सांगितलं नाही. आता सरांच्या मंडळींना विचारा.

सर हुशार माणूस. पुढे झाले, माईक घेतला आणि आवाज चढवून म्हणाले, "बघा माताओं, ही असते फौजीची बायको! अशा वीरपत्नींमुळेच..."

"ओ," त्यांची बायको बसल्या जागेवरून म्हणाली, "वीरपत्नी नवरा गेल्यावर म्हणतात. तुम्ही चांगले जिवंत आहात. सकाळी दोन वेळा इडली मागून घेतलीत."

बायका हसल्या. आधी दोघी-तिघी, मग सगळ्या. त्या हसण्यानं काहीतरी मोकळं झालं, कारण लगेच एकीनं विचारलं, सणाला येतात का? दुसरीनं विचारलं, पोराचं लग्न ठरवताना मुलगी कोण देणार? ती सगळ्यांना सरळ उत्तरं देत होती, चांगलं तेही सांगत होती. पेन्शन येते, दवाखाना मिळतो, माणूस शिस्तीचा होतो, रोज स्वतःचे बूट स्वतः पुसतो. मग माझी शेजारीण उठली. तिनं तोच प्रश्न विचारला, जो तिनं मला विचारला होता.

सरांची बायको म्हणाली, "आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा हे सीमेवर होते. तेराव्याला पोचले. जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. दारात उभे राहून मला म्हणाले, आई कुठं आहे." मग ती नवऱ्याकडे वळली. "असंच झालं ना? मी काही वाढवून सांगत नाही ना?"

त्यांनी माईक खाली धरला होता. "नाही," ते म्हणाले.

आणि चेहरा पडला. मला हवा होता तसाच, सगळ्यांसमोर. तो क्लासच्या मालकाचा नव्हता, कुणाच्या तरी मुलाचा होता. हे मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं. तरी मला बरं वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं. ज्या माणसाला हे सगळं ठाऊक होतं, स्वतःच्या आईवरून ठाऊक होतं, त्यानं मला मान हलवून "येतो की" म्हणायला लावलं होतं. आजही तो चेहरा आठवला की मला त्याची दया येत नाही. आणि मला कुणी लावलं होतं असं तरी कशाला म्हणू. माझं तोंड माझंच होतं.

शेजारीण अजून उभीच होती. "सर, माझा थोरला पुढच्या खेपेला कधी येईल? एवढं तरी खरं सांगा."

"सांगता येत नाही, अम्मा."

"बरं. मग धाकट्याचा दहावीचा मेमो द्या."

मेमो म्हणजे गुणपत्रिका. क्लासमध्ये मुलांचे असे मूळ कागद ठेवून घेतात, म्हणजे पोरं दुसऱ्या क्लासला जात नाहीत. सर म्हणाले, "आज ऑफिस बंद आहे. उद्या..."

"किल्ली तुमच्या उजव्या खिशात आहे," त्यांची बायको म्हणाली.

त्यांनी कपाट उघडलं. शेजारणीनं मेमो घेतला, पदराखाली धरला आणि चालू लागली. तिच्या मागे आणखी तिघी कपाटापाशी गेल्या. बाकीच्या नाही गेल्या. चाळीसेक बायका तिथंच बसल्या, समोशे आले, आणि मला नंतर कळलं की त्या दिवशी दोन नवीन नावंही नोंदली गेली. सगळं ऐकून नोंदली. त्यावर मला काही म्हणता येत नाही.

मी शेजारणीच्या मागून जिना उतरले. खरं सांगते, मला वाटत होतं ती थांबेल, माझा हात धरेल. खाली जुन्या पुस्तकांच्या गाड्यापाशी धाकट्यानं आम्हांला गाठलं. डोळे लाल. तो आईशी बोललाच नाही, माझ्यावर आला.

"आंटी, तुम्ही कोण मला थांबवणाऱ्या? भय्याला तुम्हीच पाठवलं ना? तेव्हा फौज चांगली होती, आता खराब झाली? रोज चार वाजता उठून मी पळतोय, तुम्ही पळताय?"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर होतं, सगळं सांगायची मला आता सवय लागत होती.

"त्या नाही थांबवत," आई मध्येच म्हणाली. "मी थांबवते. भय्या घरी येईल तेव्हा त्याच्यापुढे बस, त्याला विचार. तो सांगेल कसं आहे ते. मग तू म्हणालास जातो, तर मी रडणार नाही, डबा बांधून देईन. तोवर कागद माझ्याकडे."

"तो कधी येणार काय माहीत!"

"येईल तेव्हा."

मग ती माझ्याकडे वळली. आवाज नेहमीचाच, वाटी परत मागताना असतो तसा. "आणि अक्का, तो येईल तेव्हा तुम्ही खाली यायचं नाही. चांगलं सांगायला नको, वाईट सांगायलाही नको. आमचं आम्ही बोलू."

"बरं," मी म्हटलं.

दोघं रस्ता ओलांडून स्टॉपकडे गेली. पोरगा दोन पावलं पुढे, मागे न बघता. ती मेमो पदराखाली धरून त्याच्या मागे. आमची बस एकच होती. बस आली, ती दोघं चढली, मी चढले नाही, पुढच्या बसची वाट बघत उभी राहिले.