हिप्पींच्या मैदानातला रुमाल

न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत मराठी मंडळाचा कुठलाही कार्यक्रम असो, आमचे एक काका आपल्या रॉक कॉन्सर्टची गोष्ट काढणारच. ते विद्यार्थी म्हणून अमेरिकेत नवे आले, तेव्हाची ती उघड्या मैदानावरची, लांब केसांच्या हिप्पींची कॉन्सर्ट. डोळे अर्धवट मिटून, हात हवेत तरंगवत ते सांगतात, "काय माहोल होता! माझं-तुझं काही उरलंच नव्हतं. तुमची पिढी फार मटेरियलिस्टिक, यार." हे 'यार' ते खास आमच्यासाठी राखून ठेवतात. मग चहात बिस्किट बुडवतात आणि पुढचं गिऱ्हाईक शोधतात.

यंदा मंडळाच्या दिवाळीच्या गाण्यांच्या कार्यक्रमाला नागपूरहून आलेल्या माझ्या सासूबाई काठी टेकत आल्या आणि पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर बसल्या. खुर्चीवरचा रुमाल त्यांनी नीट घडी करून शेजारी ठेवला. काका बटाटेवड्यांची प्लेट घेऊन परतले आणि त्यांनी सासूबाईंना चक्क उठवलं.

"अहो काका, एवढ्या खुर्च्या रिकाम्या आहेत," मी म्हटलं.

"रुमाल टाकला होता ना मी! लोकांना कळतच नाही. त्या कॉन्सर्टलाही तेच. रुमाल टाकून पाणी आणायला गेलो, तर ते हिप्पी माझ्या रुमालावर नाचत होते! केवढा वाद घातला मी!"

"मग गाणी?"

"कसली गाणी! शेवटपर्यंत जागा सोडली नाही लेकाच्यांनी."

एवढं बोलून, माझं-तुझं काही न उरलेला तो माणूस रुमाल झटकून खुर्चीत ऐसपैस बसला.